सतरा नंबरचा शिक्का

टिचकीबाईंचं खरं नाव कारखान्यात फक्त हजेरी घेणाऱ्या कारकुनाला ठाऊक होतं, आणि तोही ते हळू आवाजात घ्यायचा. बाकी सगळ्यांच्या लेखी त्या टिचकीबाई. कपबशांच्या त्या कारखान्यात माती मळण्यापासून खोकी बांधण्यापर्यंत चारशे माणसं राबायची, पण माल बाहेर पडायचा तो बाईंच्या टेबलावरून. खिडकीखालचं शेवटचं टेबल. डाव्या हाताच्या बोटावर कप लटकवायचा, उजव्या हाताच्या नखाने टिचकी मारायची आणि ऐकायचं. नाद लांब आणि स्वच्छ आला की कप पास. 'खद्' असा आवाज आला की आत कुठेतरी केसाएवढी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो न दिसो, कप बाद. इतर तपासनिसांना ठोकून बघायला लाकडी दांडकी दिलेली होती. बाईंनी आपलं पहिल्याच दिवशी परत केलं. "कपात आणि माझ्यात उगाच तिसरं कोण?" असं त्या म्हणाल्याचं सांगतात.

पास झालेल्या मालाच्या बुडाला प्रत्येक तपासनिसाने आपापल्या नंबराचा छोटा रबरी शिक्का मारायचा. बाईंचा नंबर सतरा. हा शिक्का शोभेचा नव्हता. गिऱ्हाइकाकडून काही परत आलं की ते उलटं करून नंबर बघितला जाई आणि कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल असा लिहिला जाई. एकतीस वर्षांत त्या फळ्यावर सतरा हा आकडा एकदाच आला. तेव्हाही, परत आलेलं झाकण मुळात दुसऱ्याच साखरदाणीचं आहे हे सिद्ध करून बाईंनी तो पुसायला लावला, आणि नीट पुसला जातोय ना हे बघायला फळ्याशेजारी उभ्या राहिल्या.

त्यांचा नियम एकच होता: संशय म्हणजे बाद. टेबलावर दोन पाट्या असायच्या, एक पासची, एक बादची. तिसरी ठेवायला जागा होती, पण बाईंनी तिथे आपला डबा ठेवला होता.

अशी माणसं कारखान्याला फार उपयोगी पडतात आणि घराला जरा जड जातात. बाईंची टिचकी काही कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नसे. कलिंगडवाला त्या दिसल्या की गाडीवर चादर ओढायचा. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस त्यांनी पाइपवर टिचकी मारून "गळती इथं नाही, वर आहे" म्हटल्यावर न बोलता वर चढायचा. मुलगा झाला तेव्हा तिसऱ्याच दिवशी नर्सने त्यांना बाळाच्या पाठीवर टिचकी मारून कान लावताना पकडलं होतं. तो मुलगा आता लिफ्ट दुरुस्त करतो आणि या गोष्टीचा उल्लेख निघाला की खोलीतून बाहेर जातो.

नवरा त्याच कारखान्यातला, भट्टीवर. सगळे त्यांना भट्टीवाले म्हणत. ते माल भाजायचे आणि बाई तो बाद करायच्या, अशी ओळख झाली. लग्नाआधी एकदा बाईंनी त्यांच्या भट्टीतला अख्खा घाणा बाद केला. भट्टीवाले रागाने तावातावाने टेबलापाशी आले, आणि दहा मिनिटांनी परत गेले ते आठवड्याने बागेत भेटायचं ठरवून. "म्हटलं, माझ्यात नेमकी खोट काय आहे ते एकदा कायमचं कळू दे," असं ते सांगतात. कळलं का, असं विचारलं तर म्हणतात, "रोज कळतं."

भट्टीवाल्यांची आणखी एक आवडती गोष्ट आहे ती किटलीची. मोठ्या मागणीची, पाहुण्यांसाठी खास केलेली, निळ्या पानांची किटली. बाईंनी टिचकी मारली. आवाज पास होता, पण जरासा नव्हता. पुन्हा मारली. पुन्हा. मालक बघायला आले, पर्यवेक्षक आला, भट्टीवाले तर होतेच. बाई डोळे मिटून टिचक्या मारत राहिल्या. बेचाळिसाव्या टिचकीला किटलीचे दोन तुकडे झाले. बाईंनी शांतपणे वहीत लिहिलं, 'दोष सिद्ध झाला.' ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की भट्टीवाल्यांनी नुसतं "बेचाळीस" म्हटलं तरी बाई स्वयंपाकघरात निघून जातात.

घरातले सगळे कप अर्थातच बाद. कारखान्यातून माणसांना तेच नेता यायचे. एकाचा कान वाकडा, एकाचं बूड डुगडुगतं, एकाच्या आत बुडबुडा. ज्याला त्याला आपला कप त्याच्या खोडीवरून ओळखू यायचा. सून या घरात आली तेव्हा तिने हौसेने सहा पास कपांचा संच आणला होता. बाईंनी आभार मानले, सहाही वाजवले आणि दोन परत करायला सांगितले. "नऊ नंबरची बाई आहे ही," त्या बुडाकडे बघत म्हणाल्या. "मला वाटलंच होतं."

आता सुनेबद्दल. सून शहराची बस चालवते. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, आणि कुणाला घाबरत नाही, सासूला तर मुळीच नाही. दोघींचं सुरुवातीला जमत नव्हतं, असं नाही. दोघींना एकमेकींशिवाय भांडायला तोलामोलाचं कुणी मिळत नव्हतं, एवढंच. पण गेल्या काही वर्षांत त्या घरात भांडणं कमी झाली होती. सुनेला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. पहिल्या वेळी ती रडली. दुसऱ्या वेळी रडली नाही, आणि बाईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. वय अडतीस. बीजं काढू, बाहेर प्रयोगशाळेत गर्भ तयार करू, आणि पोटात सोडायच्या आधी प्रत्येकातल्या चार-पाच पेशी काढून तपासू. गुणसूत्रांत गडबड असलेला गर्भ बहुतेक टिकतच नाही. तो आधीच कळला तर निदान पुन्हा तिसऱ्या महिन्यातलं ते दुःख तरी टळेल. घरी येऊन मुलाने हे आईबापांना सांगितलं. भट्टीवाले बोटांवर महिने मोजायला लागले. बाई मात्र एकदम सरसावून बसल्या. माल बाहेर पडायच्या आधी तपासतात, हे ऐकून त्यांचा वैद्यकशास्त्रावर पहिल्यांदाच विश्वास बसला.

आधी इंजेक्शनं. रोज संध्याकाळी आठला, पोटावर, बारा दिवस. हे काम मुलाचं होतं. मुलगा बत्तीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्टच्या दोरखंडाला लोंबकळून काम करतो. पण पहिल्या संध्याकाळी सुई बघून असा काही आडवा झाला की सुनेलाच उठून त्याच्या तोंडावर पाणी मारावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी सूत्रं हातात घेतली. सुई उभी धरायची, हवेचा बुडबुडा वर यावा म्हणून टिचकी मारायची आणि टोचायचं. टिचकी तर काय, हातचीच होती.

"दुखलं?" बाई विचारायच्या.

"तुम्ही बोलता तेव्हा जास्त दुखतं," सून म्हणायची.

बारा दिवसांत दोघी जेवढं बोलल्या तेवढं आधीच्या नऊ वर्षांत बोलल्या नव्हत्या. सुईच्या निमित्ताने बाई आठला यायच्या आणि नऊ वाजले तरी पलंगाच्या कडेवर बसलेल्या असायच्या.

अकरा बीजं निघाली. त्यांतून आठ गर्भ झाले, पाचव्या दिवसापर्यंत चार टिकले. चारांच्या पेशी तपासायला गेल्या आणि ते चार गोठवून ठेवले. निकाल आला: दोन बाद, एक चांगला, एक मिश्र. चांगला होता तो पोटात सोडला. सुनेने सुट्टी घेतली, मुलगा देवाला न मानणारा असूनही पुटपुटायला लागला, भट्टीवाल्यांनी घरात मोठ्याने शिंकायची बंदी घातली. बाराव्या दिवशी रक्त तपासलं. धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सून बस चालवायला गेली. संध्याकाळी आली आणि घरातले सगळे स्वच्छ कप तिने पुन्हा घासले. बाई शेजारी उभ्या राहून पुसत गेल्या. त्या संध्याकाळी एकही कप त्यांनी वाजवून पाहिला नाही.

चार महिने गेले. मग दवाखान्याचं पत्र आलं: तो चौथा, मिश्र निकालाचा गर्भ अजून आहे. पोटात सोडायचा का, हे तुम्ही ठरवा. सोडायचा तर पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत कळवा.

रविवारी सकाळी चहाला सगळे बसले होते. मुलाने पत्र मोठ्याने वाचलं.

"मिश्र म्हणजे काय रे?" भट्टीवाल्यांनी विचारलं.

"म्हणजे तपासलेल्या पेशींत काही ठीक, काही बिघडलेल्या. त्यातून चांगलं मूल होऊ शकतं. धरणारच नाही असंही होऊ शकतं. किंवा..." मुलाने पत्राची घडी घातली. "किंवा मुलात काही अडचण असू शकते. नक्की सांगता येत नाही, म्हणाल्या."

"आम्ही दोन आठवडे हेच करतोय," सून म्हणाली. "मी हो म्हटलं की हा नाही म्हणतो. संध्याकाळपर्यंत हा 'हो'वर येतो, तोवर मी 'नाही'वर गेलेली असते." मग तिने कप खाली ठेवला आणि सासूकडे पाहिलं. "आई, तुम्ही सांगा. तुमचं कधी चुकत नाही."

"संशय म्हणजे बाद," बाई म्हणाल्या.

विचार करून म्हणाल्या असत्या तर गोष्ट वेगळी. पण दिवसाला दोन हजार कप तपासणाऱ्या माणसाचं तोंड विचाराची वाट बघत नाही. शब्द बाहेर पडला तेव्हा बाईंच्या हातातला कप अजून ओठांपाशीच होता.

सून "बरं" म्हणाली. टोपी उचलली आणि कामाला निघून गेली. तिची ड्युटी सुरू व्हायला पाऊण तास होता, आणि ती आयुष्यात कधी पाऊण तास आधी निघालेली नव्हती. मुलगा तिच्या मागे धावला.

भट्टीवाले आपला वाकड्या कानाचा कप हातात फिरवत बसले. "हा तू बाद केलेला," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं चहा पितोय मी यातून. अजून गळला नाही."

"गळला तर फडकं घेऊन पुसता येतं," बाई एकदम कडाडल्या. "कप आणि मूल यांतला फरक कळतो मला! उद्या त्या पोराला काही झालं, तर आयुष्यभर पोरीने निस्तरायचं. आपण किती दिवस पुरणार? आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा तसंच झालं तर? ती या वेळी उठणार नाही हो. मला दिसतंय ते."

भट्टीवाल्यांनी "बेचाळीस" म्हटलं नाही. त्यांना बाई खरोखर घाबरलेल्या असल्या की ओळखू यायचं.

दोन दिवस बाईंच्या हाताला चैन नव्हती. खिडकीची काच, दार, तांदळाचा डबा, नवऱ्याच्या चष्म्याचं घर, सगळं वाजवून झालं आणि कशातूनच काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेली छोटी पत्र्याची डबी पर्समध्ये टाकली, ठेवणीतला कोट चढवला आणि एकट्याच दवाखान्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या तपासणी विभागातल्या माणसाला भेटायचंय," त्या स्वागतकक्षातल्या मुलीला म्हणाल्या.

"आपण कोण?"

"मीही तपासणीतलीच. एकतीस वर्षं."

मुलीने कोट पाहिला, चेहरा पाहिला आणि ती जी आत पळाली ती दोन मिनिटांत एका माणसाला घेऊन आली. जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावर जाळीची टोपी, बगलेत तीन वह्या, आणि तोंडावरचं रक्त पार उतरलेलं. वरून कुणी तपासणीला आलंय अशी दोघांची समजूत झाली होती. भिंगवाला बाईंना काही न विचारताच सांगायला लागला की फ्रीजरच्या तपमानाची नोंद रोज दोनदा होते, शनिवारीसुद्धा.

"फार चांगलं," बाई म्हणाल्या. "पण मी कपबशांच्या कारखान्यातली."

भिंगवाल्याचा जीव भांड्यात पडला. बाईंनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "आमच्या सुनेचं काय ते सांगू नका, ते तिला सांगा. मला तुमच्या कामाचं सांगा. नमुना कुठून काढता?"

आता या माणसाला गेल्या अकरा वर्षांत येणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारलेला होता: मूल होईल का? नमुना कुठून काढता, असं कुणी विचारलं नव्हतं. त्याने खुर्ची ओढली, वही उलटी केली आणि मागच्या पानावर पेन्सिलीने एक गोल काढला.

"हा पाचव्या दिवसाचा गर्भ. ही बाहेरची साल. आणि हा आत एका बाजूला पुंजका. पुंजक्यातून बाळ होतं. सालीतून पुढे वार होते, बाळाला पोसणारी. आम्ही पेशी काढतो त्या सालीतल्या. पुंजक्याला हात लावत नाही."

बाई गोलाकडे बघत राहिल्या. "म्हणजे तुम्ही बशी वाजवून कपाचा निकाल देता?"

भिंगवाला हसला, मग एकदम गंभीर झाला. "अगदी तसं नाही. बशी आणि कप एकाच मातीचे असतात, त्यामुळे बशीवरून बरंच कळतं. दोन गर्भ बाद झाले असतील तर ते बादच. पण मिश्र असला की... बशीचा एक तुकडा ठीक, एक नाही. कपाचं आम्हाला माहीत नाही."

"मग पुन्हा तपासा की. दुसरीकडून काढा."

"काढता येतं. पण गोठवलेला आहे. तो वितळवायचा, पुन्हा टोचायचा, पुन्हा गोठवायचा. प्रत्येक वेळी त्याला थोडा मार बसतो. एवढासा जीव, बाई. निकाल पक्का करता करता तो हातातून जाऊ शकतो."

बाईंच्या डोळ्यांसमोर निळ्या पानांची किटली उभी राहिली. इतकी वर्षं त्या म्हणत आल्या होत्या की किटलीत दोष होता. तो होता की बेचाळीस टिचक्यांनी झाला, हा प्रश्न भट्टीवाल्यांनी चेष्टेत शंभरदा विचारला होता. बाईंनी तो स्वतःला कधी विचारला नव्हता. दवाखान्याच्या त्या खुर्चीत बसून त्यांनी तो विचारला, आणि उत्तर त्यांना माहीत नव्हतं.

"तुम्ही काय करता अशा वेळी?" त्यांनी हळूच विचारलं. "पास की बाद?"

"दोन्ही नाही. आम्ही जे दिसलं ते लिहितो. 'मिश्र' हा शेरा गर्भाबद्दल कमी आणि आमच्याबद्दल जास्त आहे. आम्हाला इथवरच कळतं, असा." त्याने वही मिटली. "चहा घेणार?"

चहा कपातून आला. बाईंनी सवयीने बूड बघितलं. नऊ नंबर. त्या काही बोलल्या नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखं.

तिथून त्या थेट सुनेच्या बसच्या शेवटच्या थांब्यावर गेल्या. तिथे गाडी बारा मिनिटं उभी असते. सून चालकाच्या जागेवर बसून डब्यातलं सफरचंद खात होती, गाडीत मागे एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. बाई चढल्या आणि चालकाच्या मागच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या.

"मी परवा घाईने बोलले," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बरोबरच बोलत असता, आई."

"कपांच्या बाबतीत."

सून वळली नाही. समोरच्या मोठ्या आरशात तिचे डोळे दिसत होते. "मग आता पास?"

"नाही. पास पण नाही. मला कळत नाही." बाईंनी पर्स दुसऱ्या हातात घेतली. "सगळं विचारून आले. त्या तपासणाऱ्यालाही कळत नाही. मला वाटायचं पाट्या दोनच असतात. भीती वाटते ग मला. तुझ्यासाठी."

मग सून म्हणाली, "मला तुमच्याकडून निकाल नको होता. मला वाटलं, तुम्ही हो म्हणालात तर पुढे काहीही झालं तरी तुम्ही माझ्या बाजूला असाल. म्हणून विचारलं." तिने सफरचंद बाजूला ठेवलं. "गाडी चालवायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी शिकवलं होतं, थांब्यावर जो उभा असेल त्याला घ्यायचं. एखाद्याला चढायला वेळ लागतो, एखाद्याला उतरून हात द्यावा लागतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. ते मला जमतं. आणि हा तर सहा महिने थांब्यावर उभा आहे, आई. एकटा. त्याला सोडून गाडी पुढे न्यायला माझा पाय उचलत नाही. पण एकटीने थांबायची पण भीती वाटते."

"एकटीने कशाला?" बाई म्हणाल्या.

"घ्या हो त्याला गाडीत," मागचे म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्राआडून म्हणाले, "आणि निघा. दोन मिनिटं उशीर झालाय."

सून इतक्या मोठ्याने हसली की थांब्यावरचं कबूतर उडालं. मग तिने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. बाई तिकीट न काढता घरापर्यंत आल्या, ही एक नियमबाह्य गोष्ट त्या दिवशी झाली.

चौदा तारखेला सगळे दवाखान्यात गेले. फॉर्म सहा पानी होता. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक पान समजावलं: धरण्याची शक्यता कमी आहे, धरलं तर सोळाव्या आठवड्यात बाळाभोवतीचं पाणी तपासू, तरीही शंभर टक्के खात्री कुणी देऊ शकत नाही. सुनेने सही केली. मुलाने सही केली. या वेळी तो आडवा झाला नाही. खाली साक्षीदाराची एक ओळ होती. ती नर्सने भरायची असते, म्हणे.

"मी करते," बाई म्हणाल्या.

त्यांनी सही केली. मग पर्स उघडली, पत्र्याची डबी काढली. डबीत शाईची छोटी गादी होती आणि झिजलेला रबरी शिक्का. कुणी काही म्हणायच्या आत बाईंनी तो शाईत दाबला आणि सहीशेजारी उठवला. जांभळा, स्वच्छ, एका रेषेत: १७.

"अहो, हे काय?" नर्सने कागद ओढून घेतला. "हा सरकारी नमुना आहे! हा कसला आकडा?"

"माझा नंबर आहे," बाई म्हणाल्या. "पुढे कधी काही तक्रार आली, तर या पोरांकडे जायचं नाही. माझ्याकडे पाठवायची."

डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला, पाहिला आणि फाइलमध्ये ठेवला. सून छताकडे बघत होती. भट्टीवाल्यांनी रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं आणि बंदी आपणच मोडली म्हणून सगळ्यांची माफी मागितली.

धरलं. तिसरा महिना आला आणि गेला. तो जाईपर्यंत घरात कुणी दार आपटलं नाही. सोळाव्या आठवड्यात पाणी तपासायला दिलं. निकाल यायला बारा दिवस लागले आणि त्या बारा दिवसांत बाईंनी घरातली एक काच आणि दोन बशा टिचक्या मारून फोडल्या. निकाल ठीक आला. "ठीक म्हणजे जेवढं बघितलं तेवढं ठीक," बाईंनीच सगळ्यांना समजावून सांगितलं.

बाळंतपणाच्या दिवशी दुपारी बाई आणि भट्टीवाले दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. आतून सुनेचा मोठा आवाज येत होता. रस्त्यात आडव्या घातलेल्या रिक्षांना उद्देशून ती जे शब्द वापरते ते सगळे त्यात होते. मग तो थांबला. मग काहीच नाही. बाईंनी भट्टीवाल्यांचा हात धरला. आयुष्यभर आवाजावर जगलेल्या त्या बाईला एवढी शांतता कधी ऐकावी लागली नव्हती.

आणि मग रडणं आलं. एकदम, खणखणीत, लांबच्या लांब. बाई डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून ऐकत राहिल्या, टेबलापाशी बसायच्या तशा.

"काय?" भट्टीवाल्यांनी विचारलं. "पास?"

"गप्प बसा हो," बाई म्हणाल्या. "ऐकू द्या."

नर्स दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन बाहेर आली. "घाबरवलं बाईसाहेबांनी," ती म्हणाली. "रडायलाच तयार नव्हत्या. शेवटी तळपायाला टिचकी मारली, तेव्हा तोंड उघडलं."

भट्टीवाले हसता हसता खोकायला लागले. खोकला आवरून त्यांनी दुपट्याचं टोक वर केलं, तो एवढासा पाय हलकेच उलटा केला आणि चष्मा सरसावून तळवा बघितला. मधोमध एक छोटा लाल वण होता.

"शिक्का बसलाय," ते म्हणाले.

बाई मुलीकडे बघत होत्या. तिचा डावा कान वरच्या कडेला जरासा दुमडलेला होता. तो बाईंना पहिल्याच क्षणी दिसला, आणि त्यांना तो दिसलाय हे भट्टीवाल्यांनाही कळलं. बाईंचा उजवा हात सवयीने वर आला, बोट अंगठ्यात अडकलं. मग ते सुटलं, आणि त्या बोटाने त्यांनी तो दुमडलेला कान हळूच चाचपला.

"हिला ओळखायला सोपं जाईल," त्या म्हणाल्या, आणि मुलीला नर्सच्या हातातून काढून घेतलं.